कागद लावलात, आता वदवूनही घ्या

एकट्या राहणाऱ्या वयस्कर आईवडिलांसाठी औषधांच्या वेळा मोठ्या अक्षरांत लिहून फ्रिजवर लावाव्यात, ही सूचना मला पटली. त्यात थोडी भर घालतो. मी कोथरूडला औषधांच्या दुकानात फार्मासिस्ट आहे. इथे मुलं परदेशी आणि आईवडील एकटे, अशी घरं पुष्कळ. 'समजलं का काका?' विचारलं की सगळे 'हो' म्हणतात. त्यापेक्षा 'घरी गेल्यावर काकूंना कसं सांगाल?' असं विचारा. काय निसटलंय ते लगेच कळतं.

इन्शुलिन घेणाऱ्यांच्या घरी तर हे हवंच. आपल्याकडे कुपी ४० युनिटची (म्हणजे दर मिलिलिटरमागे ४० युनिट इन्शुलिन) मिळते तशी १०० युनिटचीही. सिरिंजही वेगवेगळ्या: ४० ची लाल टोपणाची, १०० ची केशरी. १०० च्या कुपीतून लाल टोपणाच्या सिरिंजने २० च्या खुणेपर्यंत, म्हणजे अर्धा मिलिलिटर भरलं, तर अंगात ५० युनिट जातात! साखर इतकी खाली येऊ शकते की जिवावर बेतावं. म्हणून कुपी आणि सिरिंज दोन्ही दुकानात आणा, समोर भरून दाखवा.

संधिवातासाठी मेथोट्रेक्सेट असेल तर ती गोळी आठवड्यातून एकदाच. रोज घेतली तर जीव जाऊ शकतो. वार ठरवून पाकिटावरच लिहा.

आणि विचारायला संकोचू नका. औषध समजावून सांगणं हे २०१५ च्या फार्मसी प्रॅक्टिस नियमांनुसार आमचं कामच आहे. संध्याकाळी गर्दी असते, दुपारी या. निवांत बोलता येईल.