फीड कमी करून कड गुळगुळीत होत नाही

सीएनसी राउटरवर शीट कापताना कड वितळतेय असा प्रश्न आहे, आणि फीड (बिट, म्हणजे कापणारं फिरतं हत्यार, पुढे सरकायचा वेग) कमी करा असं उत्तर वर कुणी दिलंय, पण अ‍ॅक्रिलिकला ते उलटं पडतं. बिट हळू सरकलं की कापायच्या ऐवजी घासत बसतं, उष्णता चिप्सबरोबर (कापून निघणाऱ्या तुकड्यांबरोबर) बाहेर जायची ती कडेतच राहते आणि मग ते चिकट गोळे. सिंगल फ्लूट (एकच कापणारी धार असलेलं) बिट १८००० आरपीएमवर (मिनिटाला फेऱ्या) असेल आणि दर फेरीला ०.१ मिमी जाडीची चिप हवी असेल तर फीड १८०० मिमी प्रति मिनिट येतं, त्याच्या खूप खाली जाऊ नका, त्यापेक्षा आरपीएम उतरवा.

पण शीट कास्ट (साच्यात ओतून बनवलेली) आहे की एक्सट्रूडेड (यंत्रातून दाबून काढलेली) हे कुणी विचारलंच नाही अजून! एक्सट्रूडेड स्वस्त पडतं पण लवकर मऊ होतं, सेटिंग नीट नसेल तर बिटला पटकन चिकटतं. राउटिंगला कास्टच घ्या. आणि पहिल्या कटला ०.३ मिमीच्या आसपास माल ठेवून शेवटचा हलका पास पूर्ण खोलीत एकदाच मारला की थराथराने कापल्याच्या रेघा जातात. फ्लेम पॉलिश (कडेवरून ज्योत फिरवून आणलेली चकाकी) मस्त दिसतं हो, पण नंतर त्याच कडेला सॉल्व्हंट किंवा अल्कोहोल लागलं तर बारीक तडे येऊ शकतात, चिकटवायची कड असेल तर फ्लेम पॉलिश न करता तशीच ठेवा.