ल्युकनच्या महाकाव्याचा नायक कोण?

प्रश्न: रोमन कवी ल्युकनचे यादवी युद्धावरील महाकाव्य मी इंग्रजी अनुवादातून वाचत आहे. इ. स. पू. ४८ मधील फार्सेलसच्या लढाईचा सातवा सर्ग संपला. विजयी सीझर कवीला मुळीच प्रिय नाही आणि प्रिय असलेला त्याचा प्रतिस्पर्धी सेनानी पॉम्पी खचलेला आहे. मग नायक कोणाला मानावे?

उत्तर १: पहिल्या सर्गातील उपमा पुन्हा पाहाव्यात. पॉम्पी हा विजयचिन्हांनी लगडलेला, पण मुळे सैल झालेला जुना ओक वृक्ष आहे, तर सीझर ही कोसळणारी वीज. माझ्या मते कवीचे खरे मन पॉम्पीच्या पक्षातील सिनेटर कॅटोवर आहे. देवांनी विजयी पक्ष पसंत केला, कॅटोने मात्र पराभूत पक्षाची साथ सोडली नाही, असे कवी प्रारंभीच म्हणतो. नवव्या सर्गातील लिबियाच्या वाळवंटातली वाटचाल अवश्य वाचावी.

उत्तर २: मला रोम हेच मुख्य पात्र वाटते. कवी या युद्धाला यादवीहूनही भीषण म्हणतो, कारण पॉम्पी हा सीझरचा जावई होता. ‘यादवी’ हा आपला शब्दच यादवांच्या परस्परसंहारातून आलेला असल्याने मराठी वाचकाला ही वेदना चटकन भिडते.

प्रश्नकर्ती: आपणा दोघांचे आभार. दहावा सर्ग मध्येच का तुटतो?

उत्तर १: रोमन सम्राट नीरोविरुद्धच्या कटात सामील झाल्यामुळे इ. स. ६५ मध्ये ल्युकनला आत्महत्या करावी लागली. तेव्हा तो अवघा २५ वर्षांचा होता.