तापवलेले दूध का फाटत नाही?
उकळल्याने प्रथिने मोडतात, मग नुसते तापवलेले दूध का फाटत नाही, हा वरचा प्रश्न रास्त आहे. मुळात उष्णतेने प्रथिनाची घडी उलगडते, अमिनो आम्लांची साखळी तुटत नाही. शिवाय दुधातील सुमारे ८० टक्के प्रथिन म्हणजे केसीन, आणि त्याला मुळातच घट्ट घडी नसते. त्याचे कण परस्परांपासून दूर राहतात ते पृष्ठभागावरील केसाळ प्रथिन-थरामुळे आणि ऋण विद्युतभारामुळे, आणि लिंबू पिळल्यावर सामू (pH, आम्लतेचे माप; आम्लता वाढली की तो उतरतो) ४.६ च्या दिशेने घसरू लागला की हा भार घटून कण साकळतात. ठाण्याच्या नौपाड्यातल्या एखाद्या डेअरीत पनीर निथळताना पाहावे: हिरवट निवळीत लॅक्टोज, म्हणजे दुधातली साखर, उतरते (हिरवी छटा रायबोफ्लेविन या ब-२ जीवनसत्त्वाची), मेद मात्र बहुतांशी चोथ्यातच अडकतो. साय काढलेल्या दुधाचे पनीर चिवट होते ते याच मेदाच्या अभावी.