सामाजिक धोरणाचे संशोधन प्रयोगांकडे का वळले?

वाचनवेडी : अभ्यासक्रमात आम्हाला डॅनिश समाजशास्त्रज्ञ येस्पिंग-अँडरसन यांची १९९० सालची मांडणी शिकवली गेली, जिच्यात कल्याणकारी राज्याचे उदारमतवादी, रूढीनिष्ठ आणि सामाजिक लोकशाहीवादी असे तीन प्रकार आहेत. प्रबंधासाठी अलीकडचे शोधनिबंध चाळताना मात्र राज्यव्यवस्थेची चर्चा मागे पडलेली आणि अमुक योजनेने शाळेतील हजेरी किती वाढली, हाच प्रश्न पुढे आलेला दिसतो. हा बदल कशामुळे घडला?

जुना अभ्यासक : माझ्या मते मोठे निमित्त मेक्सिकोच्या ‘प्रोग्रेसा’चे. मुलांना शाळेत आणि कुटुंबाला आरोग्य तपासणीला पाठवण्याच्या अटीवर गरीब घरातील आईच्या हाती रोख रक्कम देणारी ही योजना १९९७ साली सुरू झाली. ती सर्वत्र एकदम लागू करणे शक्य नसल्याने मूल्यमापनासाठी निवडलेल्या ५०६ गावांपैकी ३२० गावांना ती आधी आणि १८६ गावांना नंतर मिळेल, हे जणू चिठ्ठ्या टाकून ठरवले गेले. त्यामुळे तुलना सोपी झाली. मुलींचे माध्यमिक शाळेतील प्रमाण विशेष वाढल्याचे दिसले आणि २००० साली सत्तांतर होऊनही योजना टिकली. पुढे २०१९ साली बॅनर्जी, डुफ्लो आणि क्रेमर या अर्थशास्त्रज्ञांना याच प्रयोगपद्धतीसाठी नोबेल मिळाले.

रोहयोवाला : त्याच २०१९ साली मेक्सिकोने ती योजना, तोवर तिचे नाव ‘प्रोस्पेरा’ झाले होते, गुंडाळली, हेही सांगायला हवे. वीस वर्षांचे पुरावे राजकीय निर्णयापुढे उपयोगी पडले नाहीत. शिवाय जे चिठ्ठ्यांनी वाटता येत नाही, ते या पद्धतीत दिसतच नाही. १९७२च्या दुष्काळात विस्तारलेली आणि १९७७च्या कायद्याने हक्क बनलेली महाराष्ट्राची रोजगार हमी योजना साऱ्या ग्रामीण भागासाठी होती. तिथे तुलनेसाठी योजना न मिळालेला गट आणणार कुठून? तिचा उगम समजायचा तर योजनेचे जनक वि. स. पागे, विधिमंडळातील चर्चा आणि शेतमजुरांची आंदोलने यांच्याकडेच जावे लागते.

जुना अभ्यासक : उगमाबाबत मान्य, अंमलबजावणीबाबत नाही. अविभाजित आंध्रात केंद्राच्या रोजगार हमीची मजुरी स्मार्टकार्डाने देण्याचा क्रम १५७ मंडलांत (तालुक्याहून लहान प्रशासकीय विभागांत) असाच यदृच्छेने ठरवला गेला होता, आणि त्या अभ्यासात मजुरांची कमाई योजनेपेक्षा बाहेरच्या कामांतूनच अधिक वाढल्याचे आढळले. योजनेच्या हजेरीपटावर हे कधीच दिसले नसते.