ड्युरोचं काळं बेझल घरी राखाडी करायचं आहे: ब्लीच की स्प्रे?

पऱ्हाटी_दारव्हा
घड्याळ कॅसिओ ड्युरो, बेझल (काचेभोवतीचं फिरणारं कडं) काळं. उन्हात वर्षानुवर्षं उडालेल्या जुन्या डायव्हर घड्याळांसारखा राखाडी रंग पाहिजे. घरी मल्टिमीटर आहे, हेअर ड्रायर मिळेल. गावात विहिरीत टाकायची टीसीएल पावडर आहे, पातळ ब्लीच आणायला मात्र तालुक्याला जावं लागतं. टीसीएल चालेल का? बेझल न काढता वरूनच कापसानं लावलं तर? आणि फसलं तर स्प्रे पेंट मारता येईल का?

चिमटा_आणि_भिंग
वरून कापसानं अजिबात नको. ब्लीच कडेखाली उतरून क्लिक-स्प्रिंग (बेझल फिरवताना टिकटिक करणारी) आणि रबरी रिंगपर्यंत पोचतं. स्टीलवर क्लोराइड राहिलं की टाचणीच्या टोकाएवढे खड्डे पडतात आणि ते पॉलिशनं जात नाहीत.

आधी बेझलवर चिकटवलेली आकड्यांची काळी चकती (इन्सर्ट) कशाची आहे ते पाहा. ड्युरोची अ‍ॅनोडाइज्ड अ‍ॅल्युमिनियमची असते, म्हणजे धातूवरच विजेनं वाढवलेल्या थरात डाय (रंगद्रव्य) मुरवलेली, पण आधी कोणी बदलली असेल तर सांगता येत नाही. मल्टिमीटर कंटिन्युइटीवर ठेवून दोन्ही टोकं काळ्या भागावर हलकी टेकवा. बीप वाजला तर वर क्रोम किंवा उघडा धातू आहे, ब्लीचचा विषयच संपला. नाही वाजला तर अ‍ॅनोडाइझ किंवा साधा रंग, कारण दोन्ही वीज अडवतात. मग कानातल्या काडीला अ‍ॅसिटोनवालं नेलपॉलिश रिमूव्हर लावून घासा. काडी काळी झाली तर तो रंग. (काच प्लास्टिकची असलेल्या घड्याळावर ही चाचणी करू नका, काच धुरकट होते.) चुंबकाच्या भरवशावर राहू नका, अ‍ॅल्युमिनियम, पितळ आणि ३१६एल स्टील, तिन्हींना तो धरत नाही.

बेझल काढताना परातीत पांढरं कापड अंथरा, नाहीतर स्प्रिंग उडाली की सापडत नाही. काचेवर आणि पट्टा अडकतो त्या शिंगांवर मास्किंग टेपचे दोन थर द्या. घड्याळाची केस उघडायच्या सुरीची धार बेझलखालच्या फटीत घालून एका जागी जोर न लावता चारही बाजूंनी थोडं थोडं उचला. मग निघालेल्या बेझलवर ड्रायरची हवा एक-दोन मिनिटं मारली की गोंद सैल होतो. चकती खालून लाकडी काडीनं गोल फिरत ढकला. सगळ्यात जास्त चकत्या इथेच वाया जातात: वाकलेली चकती सरळ होते, पण अ‍ॅनोडाइझचा थर काचेसारखा ठिसूळ असल्यानं त्यावर केसासारख्या पांढऱ्या रेघा उमटतात आणि त्या शेवटपर्यंत दिसतात.

उरलेला गोंद पेट्रोलनं पुसा, नंतर भांडी घासायच्या साबणानं धुवा. रॉकेल नको, तेलकट राहतं. पुढे चकती फक्त कडेनं धरा. बोटाचा ठसा राहिला की तेवढी जागा काळीच राहते.

पातळ ब्लीच (सोडियम हायपोक्लोराइट, ४-५ टक्के) ५० मिली, काचेच्या वाटीत. जर्मनची किंवा स्टीलची वाटी घेऊ नका. चकती तोंड वर करून दोऱ्यानं सोडा, दर ३० सेकंदांनी उचलून धुवा आणि कोरडी करून बघा. ओली चकती नेहमी गडद दिसते, त्यामुळे लोक गरजेपेक्षा जास्त वेळ ठेवतात. ३ ते १५ मिनिटांत काम होतं. पृष्ठभागावरून सारखे बुडबुडे निघू लागले तर लगेच काढा, ब्लीचमधला अल्कली धातूपर्यंत पोचलाय. शेवटी वाहत्या पाण्याखाली ५ मिनिटं.

काळा रंग कधी निळसर राखाडी होतो, कधी तांबूस. तो कारखान्यात वापरलेल्या डायवर आहे, तुमच्या हातात नाही.

उघड्या जागेत करा. त्याच वाटीत संडास साफ करायचं अ‍ॅसिड किंवा लिंबू कधीही टाकू नका, क्लोरीन वायू सुटतो.

वऱ्हाडी_टिकटिक
टीसीएल चालते भाऊ, पण तशीच नाही. ताज्या पावडरीत ३२-३४ टक्के क्लोरीन राहते. पोतं उघडं पडलं असलं तं उन्हाळ्यात पार उतरून जाते. नाकाला झोंबत नसलं तं त्या पावडरीत दम नाही समजा. १० ग्रॅम १०० मिली पाण्यात ढवळा, अर्धा तास ठेवा आणि वरची निवळी तेवढी कापडातून गाळून घ्या. खालचा चुना चकतीवर बसला का तिथं डाग पडते. निवळी ठेवली त्या डब्याचं झाकण घट्ट लावू नका.

आणि मे महिन्यात टाकीचं पाणी घेऊ नका, माठातलं घ्या. गरम पाण्यात रंग इतका लवकर उडते का ३० सेकंदही जास्त होते.

पऱ्हाटी_दारव्हा
बीप नाही आणि काडीही पांढरीच राहिली, म्हणजे अ‍ॅनोडाइझ. बाराच्या जागी चमकणारा ठिपका असेल तर काय करायचं? आणि चट्टे पडले तर?

चिमटा_आणि_भिंग
ठिपका मागून काडीनं ढकलून आधी काढा. ब्लीचमध्ये तो पिवळा पडतो.

चट्टे फिके असतील तर पुन्हा साबणानं धुऊन एक-एक मिनिट बुडवत जा, बरेचसे जुळतात. नाही जुळले तर रंग पूर्ण उतरवावा लागेल: कॉस्टिक सोडा ५ ग्रॅम १०० मिली पाण्यात, एक-दोन मिनिटं, हातमोजे आणि चष्मा घालून. यात आकडेही जातात. नुसत्या डायमध्ये बुडवून तो रंग परत येत नाही, आधी नवा थर वाढवावा लागतो. त्यासाठी बॅटरीवाल्याकडचं अ‍ॅसिड आणि डिस्टिल्ड पाणी सारखं घ्या (अ‍ॅसिड पाण्यात ओता, उलट कधीच नाही), १२ व्होल्ट, चकती धन टोकाला अ‍ॅल्युमिनियमच्याच तारेनं, ४५ मिनिटं. एवढ्याशा चकतीला साधारण ०.१ अ‍ॅम्पिअर पुरतो. द्रावण २० अंशांच्या आसपास पाहिजे. आपल्याकडच्या ४५ अंशांत थर मऊ, भुकटीसारखा होतो, म्हणून हे काम डिसेंबर-जानेवारीचं. डाय लावून शेवटी पातेल्यात पाणी उकळून त्यात अर्धा तास ठेवा, म्हणजे छिद्रं बंद होतात.

माझं विचाराल तर एका चकतीसाठी एवढा पसारा मांडू नये. व्हर्नियरनं बाहेरचा व्यास, आतला व्यास आणि जाडी ०.१ मिमीपर्यंत मोजा आणि तयार चकती मागवा.

वऱ्हाडी_टिकटिक
स्प्रेचं राहिलं. ६०० नंबरचा पॉलिशपेपर पाण्यात, मंग एच प्रायमर (धातूला धरून राहणारा पहिला हात), मंग २० सेंटीमीटरवरून तीन पातळ हात, मधात १० मिनिटं. सकाळी सातच्या आत मारा. दुपारच्या उन्हात थेंब हवेतच सुकते आणि चकती खरखरीत होते. पावसाळ्यात पांढरी झाक येते. आठवडाभर हात नका लावू. शेतात औषध फवारायच्या वेळी मात्र ते घड्याळ घरी ठेवा. ईसी (पाण्यात टाकली का दुधाळ होणाऱ्या) औषधांतलं सॉल्व्हेंट असा रंग मऊ करते. अ‍ॅनोडाइझला काही होत नाही.

बसवताना फेव्हीक्विक नको, त्याच्या वाफेनं काळ्या भागावर पांढरी धूळ बसते. फेव्हीबॉन्डचे चार बारीक ठिपके बस झाले. दोन-तीन मिनिटं चकती सरकते, तेवढ्यात त्रिकोण बाराच्या रेघेवर आणून घ्या, पण आधी बेझल क्लिकवर बसवून.