मदत हवी आहे: वाचनालयाच्या नोंदी जुन्या सॉफ्टवेअरमध्ये अडकल्या आहेत, ‘कोहा’वर जावं का?

नमस्कार मंडळी,

तालुक्याच्या गावातल्या एका ‘ब’ वर्ग सार्वजनिक वाचनालयाचं कार्यवाहपद माझ्याकडे आहे. दाखल नोंदी, सभासद, वर्गणी, अनामत, देवघेव असं सगळं एका खासगी सॉफ्टवेअरवर चालतं. संगणक विंडोज ७ चा आहे आणि यूएसबीला डोंगल (विक्रेत्याने दिलेली कुलूपकिल्लीसारखी छोटी वस्तू) लावल्याशिवाय सॉफ्टवेअर उघडतच नाही. यंदा विक्रेत्याने देखभाल कराराची रक्कम इतकी वाढवली की अनुदानाचा मोठा हिस्सा त्यातच जाईल. करार नको असेल तर निदान आमच्या नोंदी एक्सेलमध्ये काढून द्या, असं आम्ही म्हटलं. त्यावर उत्तर आलं की डेटाबेसची रचना आमची आहे, परस्पर हात लावलात तर कॉपीराइटचा भंग होईल.

त्यात शीर्षकं युनिकोडमध्ये नाहीत, जुन्या फॉन्टात टंकलेली आहेत. तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर नुसती रोमन अक्षरं आणि चिन्हं दिसतात. आमच्या ग्रंथपाल बाईंनी दुर्मिळ पुस्तकांची पानं हाताने उलटून लेखक, प्रकाशक, आवृत्ती अशा नोंदी केल्या आहेत. ते काम वाया गेलं तर पुन्हा करणारं माणूस मिळणार नाही.

बाईंनी कोहा सुचवलं, म्हणजे वाचनालयांसाठीचं मोफत, खुल्या कोडचं सॉफ्टवेअर. कार्यकारी मंडळात दोन शंका निघाल्या. एक ज्येष्ठ सदस्य म्हणाले, ज्याचा कोड सगळ्या जगाला दिसतो त्यात चोराला वाट सापडायला कितीसा वेळ? सभासदांचे पत्ते आणि मोबाइल क्रमांक आपल्या भरवशावर आहेत. कोषाध्यक्ष विचारतात, आज फुकट आहे, उद्या एखादी कंपनी मालकी सांगत आली तर नोटीस कोणाच्या नावाने येणार? दोघेही वाचनालयाच्या काळजीनेच बोलत आहेत, आणि मला त्यांना पटेल असं खरं उत्तर द्यायचं आहे. जाणकारांनी कृपया सांगावं. विक्रेत्याचं म्हणणं कायद्याने कितपत टिकतं, हेही कळलं तर फार बरं होईल.

नदीकाठ:
कार्यवाह साहेब, आमच्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयात कोहा आहे. आधी कोषाध्यक्षांच्या शंकेबद्दल लिहितो, कारण ती अगदी रास्त आहे.

न्यूझीलंडच्या होरोव्हेनुआ लायब्ररी ट्रस्टने कोहा बनवून घेतलं. त्यांची जुनी प्रणाली २००० सालात चालणार नव्हती, म्हणून त्या जानेवारीत हे सुरू झालं. पुढे लिबलाइम या अमेरिकी कंपनीला न्यूझीलंडमध्येच ‘कोहा’ या नावाच्या ट्रेडमार्कसाठी २०११ मध्ये तात्पुरती मान्यता मिळाली. म्हणजे ज्यांनी ते घडवलं त्यांच्याच देशात नाव दुसऱ्याचं होणार होतं. ट्रस्टने आवाज उठवला, तिथल्याच कॅटॅलिस्ट आयटी या कंपनीने दाद मागितली, आणि डिसेंबर २०१३ मध्ये निकाल लिबलाइमच्या विरोधात गेला. खर्चही त्यांनाच द्यायला सांगितला. मात्र हे भांडण नावाचं होतं. कोड जीपीएल या, कोणालाही वापरायची आणि बदलायची मुभा देणाऱ्या परवान्याखाली आहे, त्यामुळे तो वापरण्याचा वाचनालयांचा हक्क या निकालावर अवलंबून नव्हताच.

वापरणाऱ्यांवर कधी दावे झालेच नाहीत, असं मात्र मी म्हणणार नाही. लिनक्स या खुल्या कोडच्या संगणक प्रणालीत आमच्या युनिक्स या जुन्या प्रणालीचा कोड आहे, असं सांगत एससीओ या कंपनीने २००३ मध्ये आयबीएमवर दावा लावला, आणि २००४ मध्ये ऑटोझोन या मोटारींचे सुटे भाग विकणाऱ्या कंपनीवरही, केवळ ती लिनक्स वापरत होती म्हणून. शेवटी युनिक्सचे कॉपीराइट एससीओकडे नाहीत, नॉव्हेल या दुसऱ्या कंपनीकडे आहेत, असं २००७ मध्ये न्यायाधीशांनी आणि २०१० मध्ये ज्युरीने सांगितलं. तेव्हा धोका शून्य नाही, पण तालुक्याच्या वाचनालयाने त्यापायी झोप घालवावी इतका तो मोठाही नाही. जीपीएलच्या मुख्य अटी सॉफ्टवेअर दुसऱ्याला देताना लागू होतात, आपल्याच वाचनालयात वापरताना नाहीत. हमी मात्र कोणी देत नाही. ती हवी असेल तर सेवा देणाऱ्याशी लेखी करार करा.

तटबंदी:
ज्येष्ठ सदस्यांना माझा नमस्कार सांगा आणि त्यांना आजचा तुमचा संगणक दाखवा. विंडोज ७ च्या मोफत सुरक्षा दुरुस्त्या जानेवारी २०२० मध्ये बंद झाल्या. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय या खंडणी मागणाऱ्या व्हायरसने जगभरची यंत्रं ओलीस धरली, तीही विंडोजचीच होती. विंडोजचा कोड काही उघड्यावर नव्हता. मायक्रोसॉफ्टने दुरुस्ती मार्चमध्येच दिली होती, ज्यांनी ती बसवली नाही ते सापडले.

उघड्या कोडमुळे आपोआप सुरक्षा मिळते, असंही नाही. ओपनएसएसएल या, इंटरनेटवरची देवाणघेवाण गुप्त ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरमधलं हार्टब्लीड नावाचं भगदाड उघड्या कोडमध्ये दोन वर्षं पडून होतं, ते २०१४ मध्ये जाहीर झालं. २०२४ मध्ये एक्सझेड या फाइली आकुंचित करणाऱ्या सॉफ्टवेअरच्या छोट्याशा प्रकल्पात कोणीतरी दीर्घकाळ विश्वास कमावून चोरदरवाजा बसवला. आंद्रेस फ्रॉइंड या सॉफ्टवेअर अभियंत्याला लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतो हे खटकलं, त्यांनी ते मुळापर्यंत तपासलं आणि तो उघडा पडला. कोड समोर होता म्हणून त्यांना तो तपासता आला, याला मी फार महत्त्व देतो.

म्हणून मंडळाने विचारायचा प्रश्न एवढाच: दुरुस्त्या वेळेवर बसवणारा माणूस कोण? तो नसेल तर कोहाही धोक्याचंच. ब्रिटिश लायब्ररीवर ऑक्टोबर २०२३ मध्ये खंडणीचा हल्ला झाला, तेव्हा सावरायला इतका वेळ लागला त्याचं एक मोठं कारण जुन्या प्रणाली होत्या. त्यातल्या काहींना विक्रेत्याचा आधारच उरला नव्हता. तुमची आजची स्थिती तीच आहे. कोहा बसवलंत तर इंटरनेटवर फक्त वाचकांची शोधसूची ठेवा, कर्मचाऱ्यांचा भाग आतल्या जाळ्यातच राहू द्या. रोजचा बॅकअप त्याच यंत्रावर पडून असेल तर तो निरुपयोगी आहे. एक प्रत इमारतीबाहेर हवीच.

पिंपळपार:
विक्रेता प्रोग्राम आणि तुमच्या नोंदी यांची सरमिसळ करतो आहे. प्रोग्रामचा कॉपीराइट त्याचा, याबद्दल वाद नाही. पण बाईंनी भरलेल्या नोंदी त्याच्या कशा होतील? कॉपीराइट कायदा १९५७ च्या कलम ५२(१)(एबी) प्रमाणे, प्रोग्राम कायदेशीरपणे वापरणाऱ्याला स्वतंत्रपणे बनवलेला दुसरा प्रोग्राम त्याच्याशी जुळवण्यासाठी आवश्यक ती माहिती मिळवता येते, ती इतरत्र सहज मिळत नसेल तर. म्हणून आधी नोंदी लेखी मागा, पोच घ्या, आणि मूळ करार वकिलाला दाखवा. डोंगल फोडण्याच्या भानगडीत मात्र पडू नका. तोवर सॉफ्टवेअरमधून दाखल नोंदवहीचा अहवाल छापता येतो का पाहा. तो पीडीएफ किंवा मजकूर फाइलमध्ये निघाला तर अर्धी लढाई तिथेच जिंकलात.

फॉन्टबद्दल: परिवर्तक मिळतात, पण डोळे मिटून चालवू नका. जुन्या फॉन्टात पहिली वेलांटी अक्षराच्या आधी आणि रफार अक्षरानंतर साठवलेला असतो. युनिकोडमध्ये क्रम उलटा. ‘धर्म’, ‘किर्लोस्कर’, ‘दुसऱ्या’ असे शब्द असलेली शीर्षकं वेगळी काढून आधी तेवढीच तपासा. ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ वेगळे राहिले पाहिजेत. जुनी मूळ फाइल कधीही पुसू नका.

धागाकर्ता:
सर्वांचे मनापासून आभार. अहवालाचं आज बाईंसोबत करून पाहिलं. दाखल क्रमांकानुसार मजकूर फाइल निघते आहे, फॉन्ट तोच जुना. लेखी मागणीचं पत्र मंडळापुढे ठेवतो. एक प्रश्न उरला: ज्या वाचनालयांनी अशा नोंदी मार्क २१ या ग्रंथनोंदींच्या प्रमाणित साच्यात नेल्या, त्यांनी आधी फॉन्ट बदलला की आधी रकाने पाडले? आमच्या नोंदीत लेखक आणि अनुवादक एकाच रकान्यात आहेत.