मदत हवी आहे: मागून गाडी ठोकली, आता ‘ॲक्सिडेंट मॅनेजमेंट’वाले सही मागतायत (मिल्टन कीन्स)

चक्रधर_एमके, शुक्रवार, संध्या. ६:१०

नमस्कार मंडळी. घाईत लिहितोय, शुद्धलेखन सांभाळून घ्या.

गेल्याच्या गेल्या मंगळवारी ऑफिसातून येताना चाइल्ड्स वेवर (इकडे एच६ म्हणतात) राउंडअबाउटला थांबलो होतो. मागून व्हॅनवाल्याने धाडकन ठोकलं. डिकी आत गेली, मागचं डावं दार उघडेना. माणूस सज्जन होता, चूक कबूल केली, नाव, पत्ता, विमा सगळं दिलं. म्हणजे चुकीचा प्रश्नच नाही, शंभर टक्के त्याची.

फोन केला, पाऊण तासात टो ट्रक आला, दुसऱ्या दिवशी दारात भाड्याची गाडी. तुम्हाला एक पेनी लागणार नाही म्हणाले. आज १७ दिवस झाले. माझी गाडी त्यांच्याच यार्डात पडून आहे. आता ईमेल आलाय की सोबतच्या स्टेटमेंटवर सोमवारी ४ च्या आत सही करून पाठवा. त्यात भाडं दिवसाला ११८ पौंड दिसतंय! यार्डाचे वेगळे. समोरच्या विमा कंपनीचं पण एक पत्र आलंय, ते नीट वाचलं नाही.

सही करू का? हे पैसे माझ्या गळ्यात पडणार का? नेमकं सांगा. ‘वकील गाठा’ सोडून काहीही सांगा.

वडापाव_वॉटफर्ड, ६:२२

फोन केला म्हणजे नक्की कोणाला?

सदाशिवपेठी, ६:३१

सर्वप्रथम पोलीस ठाण्यात एफआयआर नोंदवा आणि गाडी हलवण्याआधी पंचनामा करून घ्या. सर्वेयर आल्याशिवाय गॅरेजला हात लावू देऊ नका. झिरो डेप घेतला आहे का? मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात आता अपघातापासून सहा महिन्यांच्या आत अर्ज करावा लागतो, नंतर हळहळून उपयोग नाही. माझ्या मेहुण्याचा चांदणी चौकातला अनुभव सविस्तर लिहीन.

चक्रधर_एमके, ६:४०

काका, मी इंग्लंडमध्ये आहे. गाडी हलवून १७ दिवस झाले.

@वडापाव, अर्थात विमा कंपनीला.

मंजिरी_ह, ६:५२

विमा कंपनीला केला असता तर ११८ पौंडांची गाडी दारात आली नसती. मला माझ्या कंपनीने गॅरेजची कर्टसी कार दिली होती, खिडकी हाताने फिरवायची, वास येत होता. कागदावर वर नाव कोणाचं आहे ते बघून सांगा.

बंड्या_ल्यूटन, ७:०५

भावा भाड्याचं सोड, मान दुखतेय का? मागून ठोकलं की मान दुखतेच. माझ्या मित्राला चांगले पैसे मिळाले होते. जीपीकडे (फॅमिली डॉक्टर) जाऊन नोंद करून ठेव.

अण्णा_रेडिंग, ७:१९

बंड्या, तुझ्या मित्राची गोष्ट जुनी असणार. ३१ मे २०२१ पासून व्हिपलॅशला (झटक्याने दुखावलेली मान) ठरीव दरपत्रक आहे. तीन महिन्यांच्या आत बरं होणाऱ्या मानेला सुरुवातीला २४० पौंड होते, नंतर थोडे वाढले. आणि मान खरंच दुखत नसताना दुखते म्हटलं, आणि कोर्टाला ते कळलं, तर २०१५ च्या कायद्याने सगळाच दावा फेटाळता येतो, खरा भाग पण. त्याने मान दुखते असं लिहिलेलंही नाही.

बंड्या_ल्यूटन, ७:२३

मी फक्त विचारलं. लगेच कायदा काढायची गरज नव्हती.

चक्रधर_एमके, ७:४८

मान ठीक आहे. कागदावर कुठल्यातरी भलत्याच कंपनीचं नाव आहे. पण मी फोन माझ्या विमा कंपनीलाच केला होता हो! रस्त्याच्या कडेला उभं राहून गूगलवर कंपनीचं नाव आणि ‘क्लेम नंबर’ टाकलं, पहिलाच नंबर दाबला. बाईने फोन उचलून ‘क्लेम्स हेल्पलाइन’ म्हटलं. माझं नाव, नंबरप्लेट, सगळं विचारलं. मग एसएमएसवर लिंक आली, बोटाने सही केली.

वडापाव_वॉटफर्ड, ७:५५

झाला पोपट. तो पहिला नंबर म्हणजे जाहिरात. नावाच्या बाजूला बारीक अक्षरात ‘प्रायोजित’ लिहिलेलं असतं, भर रस्त्यात हात थरथरत असताना कोण वाचतंय. आमच्या गल्लीत तिघांना असंच गाठलंय. त्या बाईला विमा कंपनीचं नाव तू सांगितलंस की तिने?

चक्रधर_एमके, ७:५८

मीच सांगितलं वाटतं. ती ‘हो हो, आम्ही सगळं बघतो’ म्हणाली.

म्हणजे माझ्या विमा कंपनीला अजून काहीच माहीत नाही??

मंजिरी_ह, ८:०१

नसणारच. आधी त्यांना कळवा, आजच. चूक कोणाचीही असली तरी अपघात कळवायचा असतो, पॉलिसीच्या अटीत असतं ते. नंबर पॉलिसीच्या कागदावरून घ्या, गूगलवरून नाही.

हर्षद_हाउन्सलो, ८:१४

एवढं घाबरवू नका त्याला. मी २०२२ मध्ये अशाच एका कंपनीची गाडी चार आठवडे वापरली, दुरुस्ती पण त्यांनीच केली, एक पेनी दिली नाही, नो क्लेम बोनस जागेवर. स्वतःच्या विम्यातून गेलो असतो तर ४०० पौंड एक्सेस (क्लेममधला आपल्या खिशातला वाटा) आधी भरा आणि मग वसुलीची वाट बघा. चूक समोरच्याची असेल तर हा मार्ग चांगलाच आहे. +१ फॉर सही.

डोंबिवली_फास्ट, ८:३३

माझा अनुभव उलटा. गाडी मिळाली, वापरली, परत दिली, विसरलो. दीड वर्षाने पत्र आलं की तुमच्या नावाने दावा लागलाय, साक्षीला या. काउंटी कोर्टात समोरच्या वकिलाने माझं बँक स्टेटमेंट पुढे ठेवलं. अपघाताच्या महिन्यात ३,१०० पौंड शिल्लक होते आणि तेनेरीफची तिकिटं काढलेली. ‘मग तुम्ही स्वतः गाडी भाड्याने घेऊ शकला असता, नाही का?’ मी म्हटलं हो. काय म्हणणार? न्यायाधीश बाईंनी पाणी दिलं मला. बिल ९ हजारांचं होतं, साडेतीन मंजूर झालं.

चक्रधर_एमके, ८:३६

उरलेले साडेपाच कोणी भरले?

डोंबिवली_फास्ट, ८:४१

कंपनीने सोडून दिले. पण ते कळेपर्यंत सात महिने मी रोज पोस्टमनच्या वेळेला दाराशी.

अण्णा_रेडिंग, ९:०२

मी इथल्या एका विमा कंपनीत ९ वर्षं मोटार क्लेम्सला होतो, म्हणजे या लोकांच्या विरुद्ध बाजूला. तेवढं वजा करून वाचा.

ही गाडी फुकट नाही, उधार आहे. धंद्यात क्रेडिट हायर म्हणतात. बिल समोरच्या विमा कंपनीकडून वसूल करतात, पण भाड्याचा करार तुमच्याशी आणि दावाही तुमच्याच नावाने. कमी मिळाले तर कागदोपत्री देणेकरी तुम्ही. बहुतेक वेळा उरलेल्या रकमेसाठी कोणी तुमच्या दारात येत नाही, करारात त्यासाठी एक विमाही जोडलेला असतो. पण त्याला अट असते की तुम्ही सहकार्य केलं पाहिजे आणि खरं सांगितलं पाहिजे. हर्षद खरं सांगतोय आणि डोंबिवलीही खरं सांगतोय, दोघांचाही माल एकाच दुकानातला.

भांडण चार गोष्टींवर होतं. गाडीची गरज होती का, दर किती, दिवस किती, आणि पदरचे पैसे घालून गाडी घ्यायची ऐपत होती का. ऐपत नसेल तर उधारीचा चढा दर मिळू शकतो, २००३ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने (तेव्हाचं इथलं सर्वोच्च न्यायालय) लॅग्डेन विरुद्ध ओकॉनर या खटल्यात तसं ठरवलं. ऐपत असेल तर साध्या भाड्याच्या दुकानात तशी गाडी ज्या दराला मिळते तेवढंच, आणि तो दर ११८ पेक्षा बराच खाली असतो.

तर चक्रधर, आता मी विचारतो त्याची सरळ उत्तरं द्या. तुमची गाडी कोणती, त्यांनी दिलेली कोणती? घरात दुसरी गाडी आहे का? आणि समोरच्या विमा कंपनीचं ते पत्र आता तरी उघडा.

पॉपकॉर्न_प्रेमी, ९:०५

बसलो घेऊन.

चक्रधर_एमके, ९:२७

माझी २०१३ ची स्कोडा फाबिया. त्यांनी ऑटोमॅटिक एसयूव्ही दिली, मी मागितली नव्हती, तीच होती म्हणाले.

बायकोची यारिस आहे. पण ती तिची आहे.

पत्रात लिहिलंय की आम्ही तुम्हाला तशीच गाडी देऊ, आम्हाला ती दिवसाला २९ पौंडांना पडते, दुसरीकडून महाग घेतलीत तर हे पत्र कोर्टात दाखवू. तारीख अपघातानंतर चौथ्या दिवसाची. जाहिरात समजून मी ते फ्रिजवर ठेवून दिलं होतं.

अण्णा_रेडिंग, ९:३८

फ्रिजवर!

हे पत्र फार महत्त्वाचं आहे. २००९ च्या कोपली विरुद्ध लॉन निकालापासून विमा कंपन्या स्वतःला पडणारा दर मुद्दाम त्यात लिहितात. कोर्टात विचारणार की २९ ची सोय होती तर ११८ कशाला? फाबियाच्या बदल्यात एसयूव्ही, तो आणखी एक खिळा.

आणि बायकोची गाडी ‘तिची’ आहे हे खरं, पण ती रोज कामाला नेते का?

चक्रधर_एमके, ९:४४

ती घरून काम करते. मी आठवड्यातून दोन दिवस ऑफिसला. कोणीतरी फक्त सही करू का नको ते सांगा ना.

अण्णा_रेडिंग, ९:४७

त्या स्टेटमेंटमध्ये गरजेबद्दल काय लिहिलंय ते वाचून इथे टाका.

चक्रधर_एमके, १०:०३

चौथा परिच्छेद: ‘अपघाताच्या वेळी माझ्या घरात मला वापरता येईल असं दुसरं कोणतंही वाहन नव्हतं.’ पाचवा: ‘माझ्या आर्थिक परिस्थितीमुळे मला स्वखर्चाने वाहन भाड्याने घेणं शक्य नव्हतं.’ आधीच टाइप केलेलं आहे. मला हे कोणी विचारलंच नव्हतं.

अण्णा_रेडिंग, १०:०६

तर नको. या शब्दांत नको. खाली ‘स्टेटमेंट ऑफ ट्रूथ’ (वरचं सगळं खरं आहे अशी कबुली) आहे ना, त्यावर जाणूनबुजून खोटी सही म्हणजे कोर्टाचा अवमान.

हर्षद_हाउन्सलो, १०:१५

मान्य, हे माझ्या वेळी नव्हतं. माझ्याकडे खरंच एकच गाडी होती.

बंड्या_ल्यूटन, १०:२१

१४ दिवसांत करार रद्द करता येतो असं वाचलंय, ग्राहक कायदा.

अण्णा_रेडिंग, १०:२९

वाहनभाड्याला तो हक्क कितपत लागतो यावर वकीलच भांडत असतात. त्यावर विसंबून राहू नका. गाडी परत देणं तर कधीही हातात आहे, मीटर तरी थांबतो.

गोलगोल_फिरतो, १०:४०

अवांतर: मिल्टन कीन्समध्ये राहून मागून ठोकलं गेलं नाही असा मराठी माणूस दाखवा. मी एका वर्षात दोनदा. डॅशकॅम पुढेच नाही, मागेही लावा.

वडापाव_वॉटफर्ड, १०:४४

अवांतरावर अवांतर: मागचा कोणता घेतलास? रात्री नंबरप्लेट दिसते का?

गोलगोल_फिरतो, १०:४९

दिसते, पण थंडीत काच धुकटली की कॅमेरा आणि आजोबा सारखेच. व्यनि करतो.

अण्णा_रेडिंग, ११:०२

कॅमेरे दुसऱ्या धाग्यावर न्या रे. चक्रधर, झोपायच्या आधी एवढं करा. स्वतःच्या विमा कंपनीला कळवा, चोवीस तास लाइन असते, आणि ‘लीगल एक्स्पेन्सेस’ (कायदेशीर खर्चाचं) कव्हर घेतलंय का ते विचारा. असेल तर एक्सेसची वसुली ते करतील. भाड्याच्या गाडीवाल्या कंपनीला ईमेलच करा, फोन नको. लिहा की चौथा आणि पाचवा परिच्छेद चुकीचा आहे, घरात दुसरी गाडी आहे, ही गाडी सोमवारी सकाळी घेऊन जा, आणि माझी गाडी इंजिनियरने तपासली का, यार्डाचा दर काय ते लेखी कळवा. फाबिया २०१३ ची आहे, टोटल लॉस (दुरुस्ती परवडत नाही अशी) निघायची शक्यता बरीच. तसं झालं तर यार्डात पडून राहण्यात तुमचा काहीच फायदा नाही, बिल मात्र वाढतं. समोरच्या विमा कंपनीला त्या पत्राचा हवाला देऊन कळवा की गाडी परत करतोय.

फोनवर गोड बोलतील, घाबरवतील पण. ‘लेखी पाठवा’ एवढंच म्हणा.

सदाशिवपेठी, शनिवार, स. ७:१२

अण्णांशी सहमत. तरी पंचनामा राहिलाच.

चक्रधर_एमके, सोमवार, दु. १:२०

अपडेट. सगळ्यांचे आभार, अण्णांचे विशेष.

शुक्रवारी रात्रीच माझ्या विमा कंपनीला फोन केला. इतक्या उशिरा का कळवलं म्हणून कुरकुरले, पण नोंद केली. लीगल कव्हर आहे, बावीस पौंडांचं, मी घेतलेलं मलाच आठवत नव्हतं. माझी गाडी यार्डातून उचलायला उद्या त्यांचा माणूस जाणार.

तिकडच्या कंपनीचे शनिवारी चार फोन. पहिल्यांदा ‘सर, हा नुसता नेहमीचा मजकूर आहे’, मग ‘आत्ता गाडी दिलीत तर पूर्ण बिलाला तुम्ही जबाबदार’. मी चारही वेळा ‘लेखी पाठवा’. अजून लेखी काही आलं नाही. पाचव्यांदा वाजला तेव्हा बायकोने उचलला, त्यानंतर फोन बंद आहेत. काय बोलली विचारायची हिंमत झाली नाही.

आज दहाला एक पोरगा येऊन एसयूव्ही घेऊन गेला. चाकांसकट सगळीकडून फोटो काढले, मीही काढले. २० दिवसांचे २,३६० होतात, त्यातले किती कोणाच्या अंगावर पडतात ते पुढे कळेल. स्टेटमेंट दुरुस्त करून पाठवा म्हटलंय, यारिससकट. ते आलं की इथे टाकतो.

मंजिरी_ह, १:४१

मागच्या सीटवर बाळाची कार सीट होती का? अपघातानंतर ती बदलायची असते, वरून चांगली दिसली तरी. ते पैसेही समोरच्याकडून मागता येतात.

चक्रधर_एमके, १:४६

होती. तीच काढून यारिसमध्ये लावलीय. आत्ता काढतो.